लेप सांध्यापर्यंत पोचतो का?

गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याच्या चौकात राष्ट्रीय महामार्ग ५३ला गोंदियाहून नवेगावबांधकडे जाणारा रस्ता छेदून जातो. नागपूर-रायपूरचे ट्रक, एसटी, नागझिऱ्याला निघालेले पर्यटक, धानाची पोती लादलेले ट्रॅक्टर हे इथलं रोजचं. लग्नसराईत त्यात भर पडते ती छोट्या मालवाहू गाडीत उभ्या असलेल्या नवरदेवाच्या घोडीची. काल साकोली, आज सडक अर्जुनी, उद्या देवरी. तसा हा घोड्यांचा मुलूख नाही, बैलांचा आणि हेल्यांचा आहे. शंकरपटाच्या बैलाचा खांदा सुजला तर काय करायचं हे सांगणारी माणसं गावोगाव भेटतात. घोडी लंगडायला लागली की मात्र बहुतेकदा एकच उपाय होतो. मेडिकलमधून माणसाच्या गुडघेदुखीची नळी आणायची आणि पायाला चोळायची.

हा उपाय अगदीच अडाणीपणाचा नाही. घोड्याच्या संधिवातावर कातडीवरून औषध देणं जगभरच्या पशुवैद्यांना मान्य आहे. पण ते औषध कुठल्या सांध्यापर्यंत जातं आणि कुठल्यापर्यंत जात नाही, त्यानं काय थांबतं आणि काय थांबत नाही, आणि कोणती नळी जनावराला लावायला आपल्या देशात मनाई आहे, हे कळल्याशिवाय चोळत बसणं म्हणजे पैसा आणि घोडी दोन्ही वाया घालवणं.

आधी पाय समजून घेऊ. घोड्याच्या पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा म्हणतो तो रचनेनं माणसाच्या मनगटाच्या जागी आहे. मागच्या पायात मागे टोक आलेला सांधा दिसतो तो आपला घोटा, आणि ते टोक म्हणजे टाच. प्रत्येक पायाचं एकच बोट जमिनीला टेकतं आणि त्याचं नख म्हणजे खूर. गुडघ्याच्या आणि घोट्याच्या खाली मांस जवळजवळ नसतंच. हाड, कंडरा आणि वर कातडी, एवढंच. मलमाच्या हिशेबात ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

उभ्या घोड्याच्या वजनाचा साधारण साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. माथेरानसारख्या ठिकाणी स्वाराला घेऊन उतार उतरताना तो आणखी पुढे सरकतो. तिथे वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यात घोडेवाल्यांचं म्हणणं घोडे घसरतात असं होतं. ज्यानं लाल मातीच्या वाटेवर आणि फरशीवर घोडा चालवून पाहिला आहे त्याला ते पटवून द्यावं लागत नाही. वरातीच्या घोडीचं उलटं असतं. बँडच्या तालावर तिला मागच्या पायांवर उभं केलं की तीनचारशे किलोंचा सगळा भार मागच्या दोन घोट्यांवर येतो, तोही डांबरी रस्त्यावर. त्यामुळे माथेरानच्या घोड्याचं दुखणं शोधायला पुढच्या पायापासून सुरुवात करावी आणि नाचणाऱ्या घोडीचं मागच्या.

सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि संवेदना नेणाऱ्या नसाही नसतात. सांध्याच्या पिशवीतल्या चिकट वंगणातून तिचं पोषण होतं. पाऊल पडलं की ती दाबली जाते आणि उचललं की ओल्या स्पंजासारखी फुगून ते वंगण पुन्हा शोषते. म्हणून दिवसभर खुंटीला बांधलेल्या घोड्याच्या सांध्याची उपासमार होते, आणि कडक रस्त्यावर अति धावणाऱ्याच्या सांध्याची झीज. वारंवारचे हादरे, वाढलेला खूर, चुकीची नाल, जुनी मुरगळ अशा कारणांनी सांध्याचं आतलं अस्तर सुजतं. वंगण पातळ होतं आणि कूर्चा कुरतडणारी विकरं त्यात सुटतात. आता लबाडी अशी की कूर्चा झिजत असताना दुखतच नाही, कारण तिच्यात नसाच नाहीत. दुखतं ते सुजलेलं अस्तर आणि कूर्चेखालचं उघडं पडलेलं हाड. घोडी लंगडताना दिसते तेव्हा आतलं बरंच काम झालेलं असतं. गेलेली कूर्चा मलमानं, गोळीनं किंवा सुईनं पूर्वीसारखी परत येत नाही. औषधाचं काम सूज आणि वेदना उतरवण्याचं. वेदना उतरली की जनावर चालतं राहतं, आणि चालतं राहिलं की उरलेली कूर्चा टिकते.

मागच्या घोट्यातल्या खालच्या छोट्या सांध्यांचा संधिवात, घोडेवाले ज्याला हड्डा म्हणतात, तो मात्र एक सवलत देतो. ते सांधे मुळातच फार कमी हलतात. काही घोड्यांत तिथली हाडं हळूहळू एकमेकांना जुळून जातात आणि जुळल्यावर दुखणं बरंच ओसरतं. याला महिने लागतात, कधी वर्षं, आणि प्रत्येकात ते घडतही नाही. मधल्या काळात घोडीला हलक्या कामावर सांभाळायचं असतं. वरून लावायच्या औषधाची खरी जागा इथे आहे. पुढच्या गुडघ्याला ही सवलत नाही. तो वाकलाच पाहिजे.

कोणता पाय दुखतोय हे ओळखायला यंत्र लागत नाही. कडक, सपाट जमिनीवर दोर सैल सोडून घोडीला दुडक्या चालीनं सरळ रेषेत आपल्याकडे आणि मग आपल्यापासून दूर पळवायचं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उसळतं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचा दुखत असेल तर पाठीमागून पाहावं. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. सकाळी आखडलेली घोडी दहा मिनिटं चालल्यावर मोकळी होत असेल तर संधिवाताचा संशय घ्यावा. चालवल्यावर लंगडणं वाढत गेलं तर दुसरं काही असण्याची शक्यता अधिक. मग दोन्ही पायांचा तोच सांधा एकापाठोपाठ हातानं चाचपायचा. ऊब, फुगवटा, दाबल्यावर पाय ओढून घेणं, हा फरक डोळ्यांआधी हाताला कळतो. आणि या सगळ्याच्या आधी खूर उचलून पाहायचा. घोड्यांच्या लंगडण्यामागे पुष्कळदा खुरातला खडा, खिळा किंवा पू निघतो, आणि खुराच्या कवचातून कोणतंही मलम आत जात नाही. पुढचं काम डॉक्टरांचं. एकेक भाग बधिर करून लंगडणं कुठे थांबतं ते ते पाहतात, एक्स-रे काढतात.

एका प्रसंगी मात्र चोळणं पूर्ण थांबवायचं. सांधा एकाएकी गरम झाला, घोडी पाय टेकवतच नाही, अंगात ताप आहे किंवा सांध्याजवळ जखम आहे, तर सांध्यात जंतू शिरल्याची भीती असते. त्याच दिवशी डॉक्टर हवा. जखम लहान दिसली तरी धनुर्वाताची सुई विसरू नये. पाळीव जनावरांत घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं क्वचितच कोणी असेल.

आता गोंदिया जिल्ह्यापुरती खास गोष्ट. इथे लंगडणाऱ्या घोडीच्या पायाआधी तिचा तोबरा पाहावा. हा धानाचा आणि राईस मिलचा जिल्हा आहे, आणि मिलमधून निघणारा कोंडा हे हाताशी असलेलं स्वस्त खाद्य. गाईम्हशींना तो चालतो, घोड्याला थोडा चालतो. पण घोड्याचा खुराक म्हणून रोज तोबराभर कोंडा आणि पुढ्यात तणस, एवढंच मिळत राहिलं तर हाडांचा हिशेब बिघडतो. घोड्याच्या आहारात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी हवं, खरं तर दीडपट-दुप्पट. तांदळाच्या कोंड्यात गणित उलटं आहे. त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापटीहूनही जास्त असतो. तो जादा फॉस्फरस आतड्यात कॅल्शियम शोषू देत नाही. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की गळ्याजवळच्या छोट्या ग्रंथी हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात घालतात. हाडं आतून भुसभुशीत होतात. आज हा पाय, उद्या तो, असं फिरतं लंगडणं सुरू होतं, आणि दुखणं फार पुढे गेलं तर चेहऱ्याची हाडं दोन्ही बाजूंनी फुगतात. युरोपात एकेकाळी गिरणीवाल्यांच्या घोड्यांत हा आजार इतका नेहमीचा होता की तो गिरणीच्या नावानंच ओळखला जाई. संकरित नेपियर गवतातलं ऑक्झलेटही कॅल्शियम बांधून ठेवतं. म्हणजे कोंडा आणि नेपियर एकत्र म्हणजे दुहेरी फटका. अशा घोडीच्या सांध्याला महिनाभर मलम चोळलं तरी काय होणार? कोंडा कमी करणं, लसूणघास देणं, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात चुनखडीची पूड खाद्यात मिसळणं, हे इथे मलमाआधीचं औषध आहे. वजनाचंही तसंच. घोडीच्या बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. जास्तीचा प्रत्येक किलो सांध्यावर बसतो.

एवढं सगळं पाहिल्यावर नळीकडे वळू.

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. केसाच्या जाडीहूनही पातळ, पण औषधाच्या वाटेतला सगळ्यात कठीण अडसर तोच. या पेशींच्या मधे मेदाचे थर असतात. औषधाचा रेणू लहान हवा, त्या मेदात विरघळणारा हवा, आणि मेद ओलांडून गेल्यावर पुढच्या ओलसर थरातही विरघळला पाहिजे. पुष्कळ औषधं इथेच अडकतात. जी पार होतात त्यांना लगेच खाली केशवाहिन्यांचं जाळं भेटतं. त्यातून बरंचसं औषध रक्तात वाहून जातं, आणि जे वाहून जात नाही ते आणखी खाली झिरपतं. कातडीखाली किती खोल जाईल याला अर्थातच मर्यादा आहे. म्हणून वर म्हटलेली मांस नसल्याची गोष्ट महत्त्वाची. पुढचा गुडघा, मागचा घोटा, खुराच्या वरचे सांधे हे सगळे कातडीच्या अगदी जवळ असल्यानं तिथे लेपाला अर्थ आहे. खांदा, कंबर आणि मांडीजवळचे सांधे मांसाच्या जाड थरांखाली असतात. तिथे चोळलेलं मलम सांध्यापर्यंत जात नाही. चोळण्यानं घोडीला बरं वाटेल, ते मालिशचं श्रेय.

मेदाचा अडसर पार करण्याची एक हुशार युक्ती आहे. १९६०च्या दशकात केंब्रिजजवळच्या बाब्राहम इथे अलेक बँगहॅम या शास्त्रज्ञानं दाखवलं, की विशिष्ट मेद पाण्यात ढवळला की त्याचे सूक्ष्म पोकळ गोळे आपोआप तयार होतात. त्यांना लायपोसोम म्हणतात. पेशीचं आवरण ज्या जातीच्या मेदाचं असतं त्याच जातीचं या गोळ्यांचं असतं, त्यामुळे त्यांच्या पोटात भरलेलं औषध कातडीतून पुढे सरकायला मदत होते. याच युक्तीवर बनवलेलं घोड्यांच्या संधिवाताचं एक टक्का डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं मलम अमेरिकेत २००४मध्ये मान्य झालं. त्याची वापरण्याची रीत शिकण्यासारखी आहे. पाच इंच लांबीची मलमाची रेघ, बारा तासांच्या अंतरानं दिवसातून दोनदा, दहा दिवसांपर्यंतच, हातमोजे घालून. आणि सांधेही नेमून दिलेले, कातडीजवळचेच. गोळीच्या मानानं रक्तात जाणारं औषध खूप कमी, त्यामुळे जठराला आणि मूत्रपिंडाला त्रासही कमी. वेदनाशामक गोळ्यांनी घोड्याच्या पोटात व्रण होतात हे घोडेवाल्यांना ठाऊक असतं, म्हणूनच लेपाचं आकर्षण.

आणि याच २००४ सालच्या जानेवारीत, नेचर या नियतकालिकात लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पाकिस्तानातल्या गिधाडांवरचा निबंध आला. भारतीय उपखंडातली गिधाडं नव्वदच्या दशकापासून झपाट्यानं का मरत होती त्याचं उत्तर त्यात होतं. डायक्लोफिनॅक. भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांनी ही घट आधीच टिपली होती. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घसरली. हे औषध दिलेलं जनावर थोड्या दिवसांत मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडत. युरिक आम्ल बाहेर न पडता काळजावर, यकृतावर पांढऱ्या थरासारखं साचे. सांध्याच्या आजाराचं औषध, आणि त्यानं पक्ष्याला जडणारं मरण वातरक्ताच्या, म्हणजे गाउटच्या, जातीचं. या योगायोगावर काय बोलणार!

भारत सरकारनं २००६मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद करायला सुरुवात केली आणि २००८मध्ये राजपत्रातून जनावरांसाठी त्याच्या सगळ्याच प्रकारांवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतून ते गोठ्यात जातच राहिलं, म्हणून २०१५मध्ये सुईच्या कुपीचा आकार तीन मिलिलीटरवर आणला. २०२३मध्ये जनावरांसाठीच्या ॲसिक्लोफिनॅक आणि केटोप्रोफेनवर बंदी आली, पुढे निमेसुलाइडवरही. कोहमाऱ्याच्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या गुडघेदुखीच्या कितीतरी नळ्यांत यांपैकी पहिलंच, डायक्लोफिनॅकचं, नाव असतं. माणसाला ती चालते, घोडीला नाही.

कोणी म्हणेल, नळीभर मलमातून रक्तात जातं किती? कमीच जातं, हे वर सांगितलंच. पण बोटभर मलम सांगितलं तर तळहातभर लावलं जातं. घोडी पाय चाटते. मलमानं भागलं नाही की त्याच औषधाची सुई टोचली जाते. आणि जनावर मेलं की ते गावाबाहेर उघड्यावर टाकलं जातं. गिधाडं आपल्या जिल्ह्यात रोज दिसत नाहीत म्हणून निश्चिंत राहण्याचं कारण नाही. गडचिरोलीत वनविभागानं गिधाडांसाठी खाद्यकेंद्रं चालवली आहेत. हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली गिधाडं २०२४मध्ये पेंच आणि ताडोब्यात आणली गेली. गिधाड एका दिवसात शंभरावर किलोमीटर सहज उडतं. पेंच, ताडोबा आणि गडचिरोली यांच्या मधल्या या भागातलं मेलेलं जनावर त्यांच्या ताटात पडू शकतं. गिधाडांना सुरक्षित म्हणून तपासलेलं वेदनाशामक आहे मेलोक्सिकॅम. ते घोड्यालाही चालतं. गोळी की सुई आणि किती, हे मात्र डॉक्टरांनी वजन पाहून ठरवायचं.

मग वरून लावायला उरतं काय? बरंच काही. कापूर, टर्पेंटाइन, निलगिरी, पुदिन्याचं सत्त्व आणि विंटरग्रीनच्या वासाचं मिथाइल सॅलिसिलेट यांची मिश्रणं घोड्यांना पिढ्यान् पिढ्या लावली जात आहेत. यांची ऊब किंवा थंडावा सांध्यात शिरतो हा समज खोटा आहे. ती कातडीतल्या नसांना चेतवतात, कातडीचं रक्ताभिसरण वाढवतात, आणि त्या नव्या संवेदनेपुढे जुनी वेदना मेंदूला कमी जाणवते. मिथाइल सॅलिसिलेट थोडं आत जातंही, आणि ते ॲस्पिरिनच्या कुळातलं आहे. दोन-तीन तासांचा दिलासा म्हणून ठीक. त्याहून मोठं श्रेय मी चोळणाऱ्या हाताला देईन. रोज दहा मिनिटं तोच सांधा हाताखालून गेला की सूज आज वाढली की उतरली हे मालकाला कळतं. तशी नजर ठेवणं कुठल्या नळीत मिळत नाही.

मिरचीतलं कॅप्सेसिन वेगळ्या वाटेनं काम करतं. ते ऊब ओळखणाऱ्या नसांना आधी पेटवतं, मग पुनःपुन्हा लावल्यावर त्या नसांतला वेदनेचा निरोप नेणाऱ्या रसायनाचा साठाच संपतो. म्हणून ते रोज, आठवडेच्या आठवडे लावावं लागतं. एकदा लावून सोडलं तर फक्त आग. बीजिंग ऑलिंपिकची घोडेस्वारी २००८मध्ये हाँगकाँगला झाली, तेव्हा चार घोड्यांच्या अंगात हे कॅप्सेसिन सापडलं आणि नॉर्वेच्या संघाला कांस्यपदक गमवावं लागलं. ते निषिद्ध का? ते दुखणं लपवतं म्हणून, आणि पायाची कातडी हुळहुळी करून घोड्याला उंच उडी मारायला भागही पाडतं म्हणून. भिवापुरी मिरची घरी वाटून तेलात कालवण्याचा प्रयोग कोणी करू नये. प्रमाण चुकलं तर कातडी भाजते, आणि तो हात घोडीच्या किंवा आपल्या डोळ्याला लागला तर मग काही खरं नाही.

डीएमएसओ नावाचं एक द्रावक घोड्यांत सूज उतरवायला वापरतात. लाकडाच्या लगद्याच्या उद्योगातून निघालेला हा पदार्थ कातडीतून इतक्या वेगानं आत शिरतो की लावणाऱ्याच्या तोंडाला थोड्या वेळात लसणाची चव येते. त्याचा गुण तोच त्याचा धोका. कातडीवर जे काही असेल, गोचीड मारण्याच्या औषधाचा अंश धरून, ते सोबत घेऊन तो आत जातो. डॉक्टर समोर असल्याशिवाय त्याला हात लावू नये.

आंबेहळदीचा कोमट लेप निरुपद्रवी आहे, मुरगळीच्या सुजेवर लावायला हरकत नाही. त्यात चुना घालून वर घट्ट फडकं बांधलं तर मात्र कातडी उतरते. आणि डागणं. बैल असो की घोडा, सुजलेल्या सांध्यावर तापलेलं लोखंड टेकवण्याची रीत आपल्याकडे अजून गेलेली नाही. इंग्लंडात ब्रिस्टलला इयान सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी घोड्यांच्या कंडरांवर हा उपाय तपासून १९८३मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला की डागण्यानं काहीच फायदा होत नाही. डागलेलं जनावर बरं झालेलं दिसतं ते पुढचे काही आठवडे त्याला कामाला जुंपता येत नाही म्हणून. ती विश्रांती न डागताही देता येते.

ताज्या सुजेवर सगळ्यात स्वस्त आणि निर्धोक औषध म्हणजे गार पाणी. पंधरा-वीस मिनिटं पाईपची धार, किंवा स्वच्छ ओढ्यात पाय बुडवून उभं करणं. जुन्या, आखडलेल्या सांध्याला उलट ऊब बरी, विशेषतः पौषातल्या पहाटे, जेव्हा गोंदियाचा पारा पुष्कळदा विदर्भात सगळ्यात खाली गेलेला असतो.

डॉक्टरांनी सांगितलेलं मलम लावायचं कसं? आधी सांध्यावरचा शेण-मातीचा थर धुऊन कातडी पूर्ण वाळू द्यायची. ओल्या कातडीवर लावलेलं ओघळतं, मळक्या कातडीवरचं मळात राहतं. केस दाट असतील तर केसांच्या उलट दिशेनं बोटं फिरवत मुळापर्यंत न्यायचं. सांध्याला चारी बाजूंनी लावायचं, फक्त समोरून नाही. फुटलेल्या, सोललेल्या कातडीला नाही. वर पट्टी बांधायची नाही, बांधायची असं सांगितलं नसेल तर. एकावर दुसरं मलम चढवायचं नाही, आणि पोटातून वेदनाशामक चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं. नंतर घोडी चाटणार नाही अशी अर्धा तास आखूड बांधायची. केस गळू लागले, फोड आले तर साबणानं धुऊन थांबायचं. वैशाखातल्या उन्हात गरम पडणारी मलमं लावून घोडीला उभं करू नये. ऊन, घाम आणि टर्पेंटाइन एकत्र आले की कातडी भाजतेच.

आणि वेळ. लेप कामावरून आल्यावर लावायचा, कामाला निघण्याआधी नाही. वेदना हा घोडीचा एकमेव ब्रेक आहे. तो काढून तिला वरातीत नाचवलं तर ती त्या संध्याकाळी लंगडणार नाही, पण पुढच्या हंगामात उभी राहील की नाही याची खात्री नाही. लंगड्या जनावराला कामाला जुंपणं १९६०च्या प्राण्यांशी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे. संधिवात असलेल्या घोडीला नाचवणं आणि मागच्या पायांवर उभं करणं कायमचं बंद, हे माझं स्पष्ट मत आहे. संथ चालीनं नवरदेवाला मांडवापर्यंत नेणं तिला झेपेल. त्याआधी दहा-पंधरा मिनिटं मोकळं चालवावं. डांबरापेक्षा मुरुमाची वाट बरी. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर छाटून घ्यावेत, कारण पुढे वाढलेला खूर प्रत्येक पावलाला वरच्या सांध्यांवर ताण देतो. चांगला नालबंद गाठायला गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत जावं लागलं तरी तो खर्च महिन्याच्या मलमापेक्षा कामाचा आहे.

नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय कोहमाऱ्याहून महामार्गानं काही तासांवर आहे. एक्स-रेची गरज पडली तर तिथपर्यंतची गाडी करायला कचरू नये. त्याआधी तालुक्याचा सरकारी दवाखाना आणि फिरत्या पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहेच. मेडिकलच्या काउंटरवर नळी हातात घेतलीत तर मागची बारीक अक्षरं वाचा. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, केटोप्रोफेन, निमेसुलाइड यांपैकी एकही नाव दिसलं तर ती नळी घोडीसाठी घेऊ नका, परत ठेवा आणि १९६२ला फोन लावा.